पाचगणीच्या शाळेत डिव्हाइज्ड पीस बसवताना

पाचगणी-वाईकडच्या इंटरनॅशनल शाळेत नाटक शिकवतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा गॅदरिंगबद्दल विचारतो. गॅदरिंग असतंच, पण ते वर्षातलं एक काम. बाकी वर्षभर नाटक हा गणित-भूगोलासारखाच विषय असतो. त्याला तास असतात, वही असते, गुण असतात आणि बाहेरून होणारी तपासणीही असते.

केंब्रिज बोर्डाच्या आयजीसीएसई (म्हणजे दहावीच्या पातळीच्या परीक्षेतल्या) ड्रामात 40 टक्के गुण अडीच तासांच्या लेखी पेपरला आणि 60 टक्के प्रात्यक्षिकाला आहेत. प्रात्यक्षिकात तीन सादरीकरणं येतात: नाटकातल्या उताऱ्यावर एकट्याचं, उताऱ्यावरच गटाचं आणि तिसरं गटाने स्वतः रचलेलं. हे तिसरं म्हणजे डिव्हाइज्ड पीस. गुण आपणच देतो, मॉडरेटर म्हणजे बोर्डाचा बाहेरचा तपासनीस रेकॉर्डिंग बघून ते पडताळतो. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या दुसऱ्या बोर्डाच्या डिप्लोमातही गटाने मिळून नवं नाटक उभं करण्याचा प्रोजेक्ट आहे. बोर्ड कुठलंही असो, मुलं सगळ्यात जास्त घसरतात ती इथेच. उताऱ्याला लेखकाचा आधार असतो. इथे मुलांना तो आधार स्वतः उभा करावा लागतो.

आधी गट. केंब्रिजला 2 ते 6 मुलांचा गट चालतो आणि वेळेची मर्यादा 15 मिनिटांची आहे. सहा जण घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी अडीच मिनिटं येतात. त्यात एखादा धीट मुलगा सात मिनिटं खातो आणि दोघी जणी 'गर्दी' होऊन उभ्या राहतात. उभं राहण्याला गुण देता येत नाहीत. म्हणून चारचा गट सगळ्यात सोयीचा. गट मुलांना निवडू द्यावा का? माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. वसतिगृहात एका खोलीत राहणारी मुलं एकत्र आली की त्यांच्यातली जुनी उतरंड तालमीत तशीच उतरते. जो खोलीत बोलत नाही, तो मंचावरही बोलत नाही.

मग विषय. 'प्रदूषण', 'मोबाईलचं व्यसन' असे विषय दिले की भाषण येतं, नाटक येत नाही. त्याऐवजी एखादी वस्तू किंवा फोटो द्यावा. सांगली जिल्ह्यात विटा, आटपाडी, खानापूर भागातली कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगली आहेत आणि गावात त्यांची घरं कुलूपबंद आहेत. अशा एका कुलूप लावलेल्या घराचा फोटो समोर ठेवा. सोल किंवा दुबईहून आलेल्या मुलालाही बंद घर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

पहिल्या इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे संहितेशिवाय सुचेल तसं करून बघताना, काय होणार ते ठरलेलं आहे. आई रडते, बाबा फोनवर ओरडतात, कोणीतरी हॉस्पिटलमध्ये जातं. ते होऊ द्यावं, पण तिथे थांबू नये. एकच प्रश्न टाकावा: किल्ली कोणाकडे आहे? शेजारच्या काकूंकडे. त्या कधी उघडतात? दर अमावास्येला, झाडून घ्यायला. झाडताना त्यांना काय दिसतं? आता मंचावर झाडू आला, वाकलेली पाठ आली, धूळ झटकणारा हात आला. रडणं आपोआप मागे पडलं. 'तिला काय वाटतं' हे विचारण्याआधी 'ती हाताने काय करते आहे' हे विचारलं की नववी-दहावीची मुलं पटकन रुळावर येतात.

इम्प्रोव्हायझेशन मोबाईलवर चित्रित करावं आणि संहिता त्यातून उतरवावी. मुलांना आधी संवाद लिहायला लावले की ती निबंधातलं इंग्रजी लिहितात. तोंडातून निघालेलं वाक्य आखूड असतं, बोलायला सोपं असतं. उतरवताना निम्मं कापायचं. कशामुळे काय कापलं याची दोन ओळींची नोंद त्याच दिवशी वहीत झाली पाहिजे, कारण लेखी पेपरला स्वतःच्या डिव्हाइज्ड कामावर प्रश्न येतात आणि 'आम्ही खूप मेहनत घेतली' या उत्तराला काहीही मिळत नाही.

आता सगळ्यात मोठा रोग: ब्लॅकआउट. मुलं मालिका बघून वाढलेली असतात, त्यामुळे तीन वाक्यांचा प्रसंग, काळोख, टेबल सरकवण्याचा आवाज, पुन्हा तीन वाक्यं, असं चालतं. बारा मिनिटांच्या नाटकात दहा-दहा सेकंदांचे आठ काळोख म्हणजे 80 सेकंद गेले. वर प्रत्येक वेळी रंगलेला प्रसंग थंड पडतो तो वेगळाच.

यावरचा उपाय या भागातल्या शिक्षकाला दूर शोधायला नको. 1843 साली सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यात सूत्रधार पदांतून कथा पुढे नेई आणि पात्रं त्या धाग्यावर आयत्या वेळी गद्यात बोलत. म्हणजे आपल्या रंगभूमीची सुरुवातच डिव्हायझिंगच्या अंगाने झाली. तमाशाच्या वगातही संवाद असेच घोळून घोळून तयार होत. पात्राने मंचाला एक फेरी मारली की गाव बदललं, प्रेक्षकाने ते कबूल केलं. मुलांना या दोन युक्त्या हातात द्याव्यात: चौघांपैकी एक जण सूत्रधार होऊन दोन ओळींत काळ पुढे नेतो, आणि दुसरा एक फेरी मारून विट्याहून कोलकात्याला पोहोचतो. सूत्रधाराचं काम फिरतं ठेवावं. एकालाच दिलं तर तो भूमिका न करता नुसता निवेदक उरतो आणि त्याचे गुण जातात. नेपथ्याला दोन लाकडी ठोकळे आणि एक चादर पुरे. ठोकळा पेटी होतो, उंबरा होतो, रेल्वेचा बाकही होतो.

वेळेचं म्हणाल तर दहा आठवडे धरावेत. आठवड्याला दोन तास आणि संध्याकाळची एक तालीम. पहिले तीन इम्प्रोव्हायझेशनला, चौथ्यात क्रम ठरवायचा, पुढचे तीन तालमीला. आठव्यात सातवीच्या वर्गासमोर रंगीत तालीम. सातवीची मुलं कंटाळली की चुळबुळतात. ती जागा नोंदवून ठेवावी, काटछाट तिथेच करायची असते. संध्याकाळच्या तालमीची वेळ क्रीडा विभागाशी आधीच बोलून ठरवावी, नाहीतर ऐन वेळी एक जण फुटबॉलला गेलेला असतो.

रेकॉर्डिंग नवव्या आठवड्यात, आणि ते जून ते सप्टेंबरमध्ये येणार नाही असं वेळापत्रक आखावं. पाचगणीच्या पावसात पत्र्याच्या छताखाली शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, वीज जाते ती वेगळी. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. थंडीत मात्र गळा उशिरा मोकळा होतो, म्हणून दहा मिनिटं आवाजाचे व्यायाम हवेतच. वाक्याचा शेवटचा शब्द गिळण्याची सवय बहुतेकांना असते. प्रत्येक वाक्य म्हणताना शेवटच्या शब्दावर समोरच्या भिंतीला हात लावायला लावा, दोन आठवड्यांत फरक दिसतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर, मंचाच्या मधोमध समोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. संपूर्ण अभिनयाची जागा चौकटीत मावली पाहिजे आणि चेहरेही ओळखू आले पाहिजेत. त्यासाठी मंचच लहान करावा: जमिनीवर टेपने साधारण पाच मीटर बाय चार मीटरचा चौकोन आखला की मुलं कडेला पळत नाहीत. सुरुवातीला प्रत्येकाने नाव, क्रमांक आणि भूमिका कॅमेऱ्याकडे बघून सांगायची. मग न थांबता, न कापता एकच सलग चित्रण. काळ्या पडद्यापुढे काळे टी-शर्ट घालू नयेत, कॅमेऱ्यात नुसती डोकी तरंगतात. राखाडी किंवा मरून रंग घ्यावा. फक्त डोक्यावरचे दिवे लावले तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, समोरून दोन्ही बाजूंनी एकेक दिवा हवा. पंखे बंद. कॅमेऱ्याचा माइक आठ-दहा मीटरवरून पंखा टिपतो, मुलगी नाही. मंचाच्या कडेला वेगळा माइक ठेवून तो कॅमेऱ्याला जोडता आला तर फार चांगलं.

सातव्या आठवड्यातच एक अख्खी तालीम याच पद्धतीने चित्रित करून ठेवा. कोणाला कांजिण्या निघाल्या, कोणाचा पाय मुरगळला, तर हातात काहीतरी असतं. आणि अंतिम चित्रण झालं की कपडे बदलायच्या आधी, मुलं तिथेच असताना, फाईल हेडफोन लावून शेवटच्या सेकंदापर्यंत बघा. आवाज नसेल तर पंधरा मिनिटांत पुन्हा करता येतं. सोमवारी कळलं तर चौघांना पुन्हा एकत्र आणायला आठवडा जातो.