आमची वाटचाल : "ट्युनिंगला किती घ्याल?"

परतवाड्याहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज १९८६ पासून आहे. सुरुवात मी आणि माझ्या मावसभावाने मिळून केली. तो डायनॅमो, सेल्फ, वायरिंग पाहायचा आणि इंजिन माझ्याकडे. तेव्हा मेळघाटात जीपशिवाय कोणाचं चालत नसे. सेमाडोह, हरिसाल, धारणी, चिखलदऱ्याचा घाट, जिकडे पाहावं तिकडे महिंद्राची पेट्रोल जीप. सोबत डॉक्टर-वकिलांच्या अ‍ॅम्बॅसेडर आणि एखाद-दुसरी फियाट. कामाला तोटा नव्हता. ती वर्षं सरळ गेली, त्यांच्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

लिहायचं आहे ते एका प्रश्नावर. आजही फोन येतो, "भाऊ, जुन्या जीपच्या ट्युनिंगचे किती घ्याल?" गाडी मी पाहिलेली नसते, इंजिन ऐकलेलं नसतं आणि भाव आधी हवा असतो. याच प्रश्नापायी आमचं गॅरेज बंद पडायला आलं होतं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

ट्युनिंग म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनाचा आवाज गोड करणं, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या उस्तादांनी अमरावतीला मला उलटा क्रम शिकवला होता: कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घ्यायचं. पेट्रोल जीपच्या हरिकेन नावाच्या इंजिनाला ते (चौरस इंचाला) १२० ते १३० पौंड यायला पाहिजे आणि चार सिलिंडरमधला फरक १० पौंडांच्या आत पाहिजे. एखादा सिलिंडर ८० दाखवत असेल, तर त्या इंजिनाचं ट्युनिंग होतच नाही. तिथे व्हॉल्व्ह घट्ट बसत नसतो, नाहीतर रिंगा गेलेल्या असतात. हे आधी न पाहता जो भाव सांगतो, तो अंदाजाने सांगतो.

कॉम्प्रेशन बरोबर असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली बारीक गॅप. हरिकेनची रचना वेगळी आहे. इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारा) खाली ब्लॉकमध्ये. इनटेकला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६ थाऊ. वरचे सोपे. खालच्यांसाठी बाजूचं कव्हर काढून, मॅनिफोल्डखाली (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाखाली) हात घालून, दोन पाने आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) एकाच वेळी धरावे लागतात. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटची गॅप २० थाऊ, प्लगची ३० थाऊ. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग सरकतं, म्हणून टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ते) पॉइंटनंतरच, तेही टायमिंग लाइट लावून. हे सगळं झालं की व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ दाखवणारं मीटर) लावायचा. काटा स्थिर राहिला तर मगच कार्बोरेटरचा स्क्रू. काटा थरथरत असेल तर मागे जाऊन पुन्हा पाहायचं.

माझा फिलर गेज पहिल्या वर्षाचा आहे, पात्यांवरचे आकडे पुसत आलेत, पण मला ती बोटाला कळतात. टायमिंग लाइट मात्र उस्तादांनी दिलेला. गॅरेजवर वाईट दिवस आले तेव्हा चेनपुली विकली, वेल्डिंग मशीन विकलं, लाइट विकला नाही.

ते वाईट दिवस एकाएकी आले नाहीत. आधी टॅक्सीवाल्यांनी पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली. पेट्रोल परवडत नव्हतं, त्यांचा दोष नाही. मग एका सरकारी कार्यालयाने त्यांच्या जीपांची बिलं अडकवून ठेवली. मावसभाऊ नागपूरला नोकरीला लागला. आणि नेमकं त्याच सुमारास आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरं गॅरेज उघडलं. त्याचं नाव घेत नाही. बाहेर मोठी पाटी: ट्युनिंग पाचशे रुपयांत, एका तासात. माझा हाताखालचा सगळ्यात चांगला पोरगा त्याने जास्त पगार देऊन नेला.

गिऱ्हाईक येऊन सांगायचं, "भाऊ, त्यानं तं पाचशेत करून देल्ली, तुमी काऊन एवढे मांगता?" मी क्रम समजावून सांगायचो. ऐकून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला तिकडे जायचे.

तो काय करायचा? एअर फिल्टर झटकायचा, प्लग घासायचा, आयडल वाढवायचा आणि डिस्ट्रिब्युटर थोडा अ‍ॅडव्हान्स करायचा, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असा फिरवायचा. सपाट रस्त्यावर गाडी चटकन उचलते, मालक खूश. पण तीच गाडी चार माणसं घेऊन घाट चढायला लागली, की नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठकठक, सुरू होतं. एका गिऱ्हाइकाच्या अ‍ॅम्बॅसेडरचा तिसऱ्या नंबरचा पिस्टन चिखलदऱ्याच्या घाटात फुटला. आणि गावभर बोलणं झालं ते माझ्या नावाने, कारण त्याआधीचं मोठं काम माझ्याकडे झालेलं होतं.

टायमिंग सेट झालं की डिस्ट्रिब्युटरच्या बुडावर आणि ब्लॉकवर मी एकाच रेषेत बारीक खूण करतो. प्रत्येक गाडीवर करतो. ती अ‍ॅम्बॅसेडर ओढून आणली तेव्हा मालकाला बॉनेट उघडून दाखवलं. दोन्ही खुणा एका रेषेत नव्हत्या, म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवला होता. मालकाला पटलं, त्याने माफीही मागितली. पण जे गावाच्या कानात गेलं ते गेलं. त्या दिवाळीला आमच्याकडे एकही गाडी उभी नव्हती. इतकी वर्षं झाली, मला अजून त्याचा राग येतो.

तेव्हा आम्हाला तारलं ते बापूंनी. चांदूर बाजारकडचे संत्र्याचे बागायतदार, वय तेव्हाच साठीच्या पुढे. त्यांची महिंद्राची सीजे थ्री-बी जीप वडिलांच्या काळातली, पेट्रोलच ठेवलेली. लोकांनी डिझेल बसवायला किती सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. ते जीप घेऊन आले, गॅरेजच्या अगदी तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल अशी लावली आणि म्हणाले, "हे इथं आठ दिवस राहू दे. कोनी इचारलं तं सांग, बापूची गाडी हाय." वर वर्षभराच्या कामाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले. त्यांच्या ओळखीने अंजनगाव, वरुड, मोर्शीकडच्या जुन्या जीपा हळूहळू यायला लागल्या. बापूंनी आजवर एकदाही बिलावर घासाघीस केलेली नाही. काम चालू असताना स्टूल घेऊन बसतात आणि प्रत्येक जुना प्लग हातात घेऊन त्याचा रंग पाहतात. फिक्कट तपकिरी असेल तर मान हलवतात.

आता भाव. पेट्रोल जीपच्या पूर्ण ट्युनिंगची माझी मजुरी साडेतीन हजार आहे. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, फिल्टर, टॅपेट कव्हरची पॅकिंग हे सगळं मिळून दोन-अडीच हजार. कार्बोरेटरचं किट आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (आतला रबरी पडदा) लागला तर आणखी हजार-पंधराशे. कॉम्प्रेशन कमी निघालं तर मी थांबतो आणि मालकाला बोलावतो, कारण हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम करायचं झालं तर हिशेब पंधरा-वीस हजारांवर जातो.

मजुरी जास्त वाटणाऱ्यांनी हेही पाहावं की सुटे भाग पहिल्यासारखे राहिले नाहीत. नवा कंडेन्सर (पॉइंटसोबतचा ठिणगीसाठीचा छोटा भाग) डबीतून काढून लावला आणि इंजिन गरम झाल्यावर निकामी झाला, असं वारंवार होतं. मी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून जुना, न वापरलेला माल मागवतो आणि प्रत्येक कंडेन्सर इंजिन तापवून तपासतो. तो वेळ बिलात दिसत नाही.

पेट्रोलही बदललं. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. ज्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या हेडमध्ये कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) बसवलेल्या नाहीत, त्यांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शिशाशिवाय सीटमध्ये रुतत जातात. टॅपेटची गॅप आपोआप कमी होते आणि व्हॉल्व्ह जळतो. अशी गाडी असेल तर वर्षातून एकदा तरी टॅपेट तपासा आणि हेड उतरेल तेव्हा सीट बसवूनच घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याने जुन्या टाकीतली घाण सुटून फिल्टर तुंबतो, जुने रबरी पाइप आणि डायाफ्राम खराब होतात, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पाइप बदलायला कंटाळू नका. पेट्रोल गळून मॅनिफोल्डवर पडलं तर गाडी पेटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा लाइनीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, म्हणून ती लाइन मॅनिफोल्डपासून दूर घ्या. लाइनीला ओलं फडकं गुंडाळून भर रस्त्यात उभं राहण्यापेक्षा ते बरं.

आणि ज्यांची गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे, त्यांनी ती भंगारात देण्याची घाई करू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. वीस हजार रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षं चालते. गाडी मूळ रूपात पाहिजे, म्हणून इंजिन बदलण्याआधी दहा वेळा विचार करा. बापूंनी डिझेल बसवलं नाही, ते आज कामाला आलं.

पाचशेवालं गॅरेज आता तिथे नाही. नेलेला पोरगा परत आला, मी त्याला घेतला, इंजिनं आता तोच खोलतो. नव्या गाड्या मुलगा पाहतो, त्याच्याकडे स्कॅनर आहे.

ट्युनिंगसाठी यायचं असेल तर गाडी आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणून सोडा. चालवतच आणा, टो करून नको. इंजिन गरम असतानाच मी कॉम्प्रेशन घेतो, मग रात्रभर थंड होऊ देतो आणि सकाळी टॅपेट लावतो. खर्चाचा आकडा कॉम्प्रेशन पाहिल्यावर त्याच संध्याकाळी फोन करून सांगेन.