एका तिकिटाचे १९ दिवस

त्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या दोन आठवड्यांच्या टप्प्याला, आमच्या सॉफ्टवेअर टीमची व्हेलॉसिटी (संपवलेल्या कामांना आकाराच्या अंदाजाने दिलेल्या पॉइंटची बेरीज) ३४ वरून ५२ वर गेली होती. डेमोला मी तो आलेख मोठा करून पडद्यावर लावला आणि, खरं सांगायचं तर, थोडा मिरवलाही. तेवढ्यात सपोर्टमधल्या सहकाऱ्याने विचारलं, "ते इनव्हॉइस डाउनलोडचं काय झालं? ग्राहक तीन आठवडे मागे लागलाय."

कुणीच बोलेना.

डेमो आटपल्यावर ते तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, उघडलं आणि त्याचा सगळा प्रवास कागदावर मांडला. 'इन प्रोग्रेस'मध्ये गेल्याला १९ दिवस. कोड लिहायला लागले होते फक्त २. रिव्ह्यूच्या (सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या) रांगेत ६, टेस्टिंगचा सर्व्हर मोकळा होईपर्यंत ५, बग सापडून दुरुस्त होईपर्यंत २, पुन्हा रिव्ह्यूत ४. रिलीज अजून व्हायचंच होतं.

मग ५२ आले कुठून? संपलेली तिकिटं मोजली: गेल्या स्प्रिंटला १४, या स्प्रिंटलाही १४. ज्याला आम्ही पूर्वी ३ पॉइंट द्यायचो, त्याला आता ५ देत होतो, इतकंच. लबाडी कुणीच केली नव्हती. "व्हेलॉसिटी का वाढत नाही?" असं वरून विचारलं जात होतं आणि तो प्रश्न टीमपर्यंत मीच पोचवत होतो. मापालाच लक्ष्य केलं की माप बिघडतं, हा गुडहार्टचा नियम मी नव्या लोकांना स्वतः समजावतो!

बोर्डावर सहा जणांची २१ तिकिटं एकाच वेळी चालू होती. लिटलच्या नियमाप्रमाणे चालू कामांना पूर्ण होण्याच्या वेगाने भागायचं. आठवड्याला सात संपतात, म्हणजे एकाला सरासरी तीन आठवडे. कुणी रात्री जागून कोड लिहिला असता तरी तिकीट रांगेतच पडून राहिलं असतं.

मॅनेजरना कागद दाखवला. त्यांना पटलं, जरा जास्तच. "मग प्रत्येकाचा सायकल टाइम, म्हणजे काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, काढू, अप्रेझलला उपयोगी पडेल." मी म्हटलं, तसं केलं तर सगळ्यांत संथ दिसेल ती आमची सीनियर, कारण स्वतःचं काम बाजूला ठेवून ती इतरांचे रिव्ह्यू करते. ते म्हणाले, "बघू."

संध्याकाळी डॅशबोर्डवरून व्हेलॉसिटी काढली; ती टीमच्या प्लॅनिंगपुरती ठेवली. तिच्या जागी प्रत्येक चालू तिकिटाचं वय लावलं, नावांशिवाय. रिव्ह्यूच्या रकान्यात एका वेळी तीनच, असं दुसऱ्या दिवशी टीमनेच ठरवलं.

इनव्हॉइसचं तिकीट २३व्या दिवशी रिलीज झालं. नव्या हिशेबाने ५ पॉइंटचं होतं ते.