दोघांचंही उत्तर ३५

पायाभूत चाचणीत गणिताच्या पेपरात वजाबाकीचं एक उदाहरण होतं : ५२ वजा २७. माझ्या चौथीतल्या संकेतनं उत्तर लिहिलं ३५ आणि पायलनंही ३५. (मुलांची नावं बदलली आहेत.) दोघं एकाच बाकावर बसतात. पेपर पाहणारा कोणीही म्हणेल, एकानं दुसऱ्याचं पाहून उतरवलं. दोघांना शून्य, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना वेगवेगळं बसवून ६१ वजा ३४ सोडवायला दिलं. संकेतचं उत्तर आलं ३३, पायलचं ३७. खरं उत्तर २७.

संकेतला हातचा घ्यायचा असतो हेच माहीत नाही. वर १, खाली ४, तर तो बिनधास्त चारातून एक काढतो. त्याच्या लेखी मोठ्यातून लहान काढायचा, मग कोण वर आणि कोण खाली याच्याशी काही घेणंदेणं नाही. पायलला हातचा घेता येतो. ती ११ वजा ४ बरोबर ७ अगदी नीट लिहिते, पण दशकाच्या घरातून दिलेला एक कमी करायला विसरते. सहाचे पाच होतच नाहीत. ५२ वजा २७ मध्ये एककांच्या अंकांत नेमका पाचाचा फरक आहे, आणि पाचाचा फरक असला की या दोन्ही चुका फिरून एकाच उत्तरावर येतात. सातातून दोन काढले तरी पाच, बारातून सात काढले तरी पाच. पेपर काढणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नसावं.

हे इतकं लांबण लावून सांगते कारण ‘अप्रगत विद्यार्थी’ हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अप्रगत म्हणजे कुठं अडलेला? संकेतला तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्यावे लागतात. एक गठ्ठा सोडून सुट्या काड्यांत मिसळला की काय होतं, ते त्याला डोळ्यांनी दिसावं लागतं. पायलला गठ्ठ्यांची गरज नाही. तिला फक्त दशकाचा अंक खोडून वर नवीन अंक लिहायची सवय लावायची. दोघांना एकाच ‘उपचारात्मक तासाला’ बसवून तीच पन्नास उदाहरणं दिली तर संकेत पन्नास वेळा चुकीची रीत पक्की करील आणि पायल कंटाळून खिडकीबाहेर पाहील.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या एका गावात आहे. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, दोन शिक्षकी. गावातली पोरं, जवळच्या बंजारा तांड्यावरची पोरं आणि पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी थोडी पोरं. घरी कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी बंजाऱ्यांची गोरमाटी, कोणी कोलामी. पुस्तक सगळ्यांना एकच. पेपर तपासले की गुण मोबाइलवर भरायचे असतात. भरते मी. पण रकान्यात आकडा मावतो, चूक मावत नाही. म्हणून चुकांची वही मी वेगळी ठेवते.

गेल्या वर्षीपासून त्या वहीच्या जोडीला गूगल फॉर्म घेतला. तंत्रज्ञान वगैरे मोठं नाव द्यावं असं त्यात काही नाही. ६१ वजा ३४ ला चार पर्याय देते : २७, ३३, ३७ आणि ९५. ज्यानं ३३ निवडलं तो संकेतच्या गटात, ज्यानं ३७ निवडलं तो पायलच्या गटात. ९५ म्हणजे पोरानं चिन्हच पाहिलं नाही, सरळ बेरीज केली. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक चुकीसाठी ठेवलेला असतो. आडातिडा आकडा टाकायचा नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. फॉर्म भरून झाला की शीटमध्ये गट आपोआप दिसतात आणि माझा संध्याकाळचा तास वाचतो. शाळेत दोन टॅब आहेत, लोकवर्गणीतून घेतलेले. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावते आणि पोरांना दोघा-दोघांना बोलावते. रेंज गेली तर तेच चार पर्याय फळ्यावर लिहिते आणि पोरं पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरतात. काम तेवढंच होतं. फक्त मला मान फिरवत मोजावं लागतं.

वाचनाचं जरा वेगळं आहे. वाचन कागदी पेपरात मोजता येतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. खेड्यांतल्या मुलांना वाचन-गणित किती येतं ते पाहणाऱ्या ‘असर’च्या देशभरच्या पाहणीत २००५ पासून जी एक पानाची चाचणी वापरतात, ती मला आजही सगळ्यात कामाची वाटते. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात एक ते नऊ अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. एकेका पोराला जवळ बसवून तोंडी घ्यायची. पोरगं जिथं अडेल ती त्याची पायरी. मग इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे गट पाडायचे. मोठ्या शाळांना हे जड जातं म्हणतात. आमच्याकडे पहिली ते चौथी एरवीही दोनच खोल्यांत बसतात, तेव्हा चौथीतला पोरगा दुसरीतल्यांसोबत शब्दांच्या गटात बसला तर कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करायचं केंद्र सरकारचं अभियान, ‘निपुण भारत’, २०२१ मध्ये आलं तेव्हापासून वाचनाचा वेगही मोजायचा असतो. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. यासाठी मी फोनचा साधा व्हॉइस रेकॉर्डर वापरते. महिन्यातून एकदा प्रत्येक पोराचं एक मिनिटाचं वाचन आणि त्यावर दोन प्रश्न. फाइलला पोराचं नाव आणि महिना. जूनच्या शेवटचं (आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा उशिरा उघडते) आणि सप्टेंबरचं वाचन एकापाठोपाठ लावलं की पोरगं स्वतःच हसतं. आयांना तर मी मुद्दाम ऐकवते. प्रगतिपुस्तकातली श्रेणी बऱ्याच आयांना वाचता येत नाही, पण पोरगं आधी अडखळत होतं आणि आता सरळ वाचते, हे कानाला कळते. (बघा, लिहितानाही माझी वऱ्हाडी आलीच.)

आता वऱ्हाडीचंच सांगते. पोरगं मोठ्यानं वाचतं आणि मशीन ऐकून चूक दाखवतं असं एक ॲप मध्यंतरी टॅबवर घेतलं होतं. कल्पना उत्तम. एकट्या शिक्षकाला एका वेळी एकाचंच वाचन ऐकता येतं, तिथं यंत्र मदतीला आलं तर हवंच आहे. पण दुसरीतल्या आमच्या दिव्यानं ‘शाळा’ वाचलं ‘शाया’, ‘डोळे’ वाचलं ‘डोये’ आणि ‘पाणी’ वाचलं ‘पानी’. ॲप शब्द लाल करून तिथंच थांबलं. तिनं पुन्हा ‘शाया’ म्हटलं. पुन्हा लाल. चौथ्या वेळी दिव्यानं टॅब उलटा ठेवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, “मॅडम, मले येते ना वाचता, यालेच समजत नाही.”

दिव्याचं बरोबर होतं. तिनं अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ सांगितला. तिच्या घरात ‘ळ’ असाच बोलला जातो. हा वाचनाचा दोष नाही. लिहिताना ती ‘शाळा’च लिहिते का ते मी वेगळं पाहते, आणि ती लिहिते. आता मी ते ॲप पोरांना गोष्टी ऐकायला आणि अक्षरांच्या खेळासाठी देते. मोजमापाला घेत नाही. रेकॉर्डिंग ऐकताना ‘शाया’ला चूक धरत नाही, ‘शाळा’च्या जागी ‘शाल’ वाचलं तर धरते. हा फरक यंत्राला शिकवणं अशक्य नसावं. आमच्या पोरांचे आवाज ऐकवून ते कोणीतरी तयार केलं पाहिजे, एवढंच.

घरी फोन आहे, पण तो बापाच्या खिशात, आणि बाप शेतात. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा रिचार्ज संपलेला असतो नाहीतर लाइन नसते. म्हणून घरी करायचा व्हिडिओ वगैरे मी देतच नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं साहित्य शाळेतच टीव्हीवर दाखवते. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एका पोराबद्दल मात्र सांगायला हवं. रोहन चौथीत आहे. शब्दांच्या गटातली बाकीची पोरं परिच्छेदावर गेली, तो अक्षरांवरच. काल ओळखलेलं अक्षर आज त्याला परकं. तोंडी हिशेबात मात्र माझ्याही पुढं. कापसाचा भाव आणि वजन सांगा, पैसे सांगतो. त्याची आई एकदा तडकून म्हणाली, “मॅडम, पोरगं यडं थोडीच आहे! दुकानातून उरलेले पैसे बरोबर आनते.”

अशा वेळी आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्याकडून दोन्ही तपासून घेतले. ठीक निघाले. (दुसऱ्या एका मुलीचं ‘अप्रगत’पण मात्र त्याच तपासणीत चष्म्यावर मिटलं.) मग तालुक्याच्या विशेष शिक्षकांना बोलावलं. वाचनाच्या अक्षमतेसाठी मराठीत मुळातूनच तयार केलेली चाचणी आहे हे मला त्यांच्याकडून कळलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत केली आहे. तिचा पहिला भाग म्हणजे शिक्षकानं भरायची चाळणी. पुढचं मूल्यमापन प्रशिक्षित मानसतज्ज्ञानंच करायचं. चाळणीत नाव आलं म्हणजे निदान झालं असं नाही, हे मी सहकाऱ्यांना सारखं सांगते. व्हॉट्सॲपवर फिरणारी दहा प्रश्नांची यादी वाचून पोरावर शिक्का मारणारेही आपल्यातच आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनातली अशी अडचण, आली आहे. प्रमाणपत्र असलं तर पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्रासाठी मोठ्या दवाखान्यात जावं लागतं, तेही एकदा जाऊन भागत नाही. प्रत्येक खेपेला आईची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. “कायले पाहिजे ते सर्टिफिकेट?” असं आजी म्हणते, आणि तिला दहावीची गोष्ट आज पटवून देणं सोपं नाही. मी पाठपुरावा सोडलेला नाही.

तोवर मी एवढं करते : परिसर अभ्यासाचा धडा माझ्या आवाजात रेकॉर्ड करते आणि तो रोहन टॅबवर कानाला लावून ऐकतो. उत्तरं तोंडी देतो. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहेच, ती आपण वापरत नाही एवढंच. अक्षरांचं काम रोज थोडं, वाळूवर बोटानं गिरवून, एका वेळी दोनच अक्षरं. ‘ब’ आणि ‘व’ एकाच दिवशी घेत नाही. गेल्या महिन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यानं काना असलेले दोन अक्षरी शब्द वाचले. वेग मोजला नाही.

संकेत गठ्ठे न घेता वजाबाकी करू लागला आहे. पायल अजून अधूनमधून खोडायला विसरते. या दोघांची आणि बाकी सगळ्यांची दुसरी फेरी मी दिवाळीच्या सुट्टीआधीच उरकून घेणार आहे. सुट्टीनंतर कापूस वेचायला गेलेली पोरं टप्प्याटप्प्यानं परततात आणि कोणता गट कोणाचा, ते मला पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागतं.