उभ्या गाडीत बॅटरी कोण खातंय?

गाडी चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी सेल्फ घ्यायची नाही. किल्ली फिरवली की नुसती टकटक. पहिल्या वेळी ‘बॅटरी संपली’ असं निदान झालं आणि मी नवी बसवली. तीन आठवड्यांत तीही उतरली. बॅटरी अशी पूर्ण उतरत राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून मी जंपर केबल बाजूला ठेवून मल्टिमीटर हातात घेतला.

चार्जिंग ठीक होतं. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 14.2 व्होल्ट आले, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर संशय नको. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर टर्मिनल सुटं ठेवलं, सकाळी 12.6 व्होल्ट. बॅटरीही निर्दोष. मग वीज जात होती ती गाडी बंद असतानाच.

निगेटिव्ह टर्मिनल काढून केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये. या जोडणीत किल्ली चुकूनही फिरवायची नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. पहिला आकडा दोन अँपिअरच्या वर आला आणि मी घाबरले. पण गाडी अजून जागी होती! दार उघडं, आतला दिवा चालू, कंट्रोल युनिट्स सुरू. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असल्याने दार उघडंच ठेवावं लागणार होतं, म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटतं. रिमोटची किल्ली दूर ठेवली आणि अर्धा तास कशालाही हात लावला नाही. घाईत मोजलं की निदान चुकतं ते इथेच.

अर्ध्या तासाने आकडा 0.38 वर स्थिरावला. साधारण 0.05 अँपिअरच्या आत असायला हवा. 0.38 म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास; माझी बॅटरी 45 ची. चार दिवसांचा हिशेब तिथेच जुळला.

मग एकेक फ्यूज काढत गेले. सातआठ फ्यूजना काही फरक नाही. म्युझिक सिस्टिमचा काढला आणि आकडा 0.03 वर आला. सिस्टिम मागाहून बसवलेली होती. मागे पाहिलं तर पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून कायम चालू असलेल्या लाइनला जोडलेल्या. पिवळीला कायम वीज लागते, घड्याळ आणि मेमरी तिच्यावरच टिकते. लाल किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. त्यामुळे स्क्रीन काळी दिसायची, पण सिस्टिम आतून जागीच. बसवणाऱ्याची दोन मिनिटं वाचली, माझी एक चांगली बॅटरी उगाच बदलली गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. लाल वायर अ‍ॅक्सेसरी लाइनवर, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या लाइनवर घेतली, जोड नीट इन्सुलेट केला.

त्यानंतर दहा दिवस उभी राहूनही गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तरी 0.03 च्या हिशेबानेही महिनाभरात निम्मी बॅटरी जातेच. म्हणून तीन आठवड्यांहून जास्त बाहेर जायचं असेल तर मी निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवते. नुसतं दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा फारसा उपयोग होत नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवली तर बऱ्यापैकी चार्जिंग होतं.