पाव इंच माया

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात दर गुरुवारी सकाळी क्विल्ट, म्हणजे इथली गोधडी, करणाऱ्या बायका जमतात. मी तिथे जायला लागले तेव्हा मला इथे येऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत मी एक मोठी पिशवी भरून चिंध्या साठवल्या होत्या. कुर्त्यांची कातरणं, विरलेल्या सुती साडीचे तुकडे, लेकीच्या झबल्यातून उरलेलं कापड, पडद्याची टोकं. गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी, त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, ती पिशवी टेबलावर पालथी केली. तुकडे हाताने पसरले आणि मला विचारलं, "यातलं वर्षभरात काय वापरलंस?"

काहीच नाही. तुकडा काढायचा, उलटसुलट बघायचा, परत कोंबायचा, एवढंच चाललं होतं.

"मग आज शिवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आज फक्त कापायचं."

आपल्याकडे गोधडी करताना आधी काही कापत नाहीत. जुनं लुगडं खाली अंथरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचे, जिथे विरलं असेल तिथे ठिगळ बसवायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. तुकडा जेवढा आहे तेवढा. माझी आई ठिगळ बसवताना माप घेत नसे, तळहाताने दाबून बघत असे. इथे उलटं आहे. आधी मोजपट्टी, मग कापड. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं होतं. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण एका शब्दात आहे जो आपल्या प्रत्येक शिंप्याच्या तोंडी असतो: माया.

शिवणीसाठी कडेला जे कापड सोडतो ती माया. इथल्या क्विल्टमध्ये ती सगळीकडे पाव इंच असते. दोन चौकोन जोडले की प्रत्येकाचा पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे अर्धा इंच कमी होतो. आता दीड इंचाचे दोन चौकोन घ्या. तीन इंच, त्यातून अर्धा गेला, राहिले अडीच. अडीचचे दोन जोडा, राहतात साडेचार. दीड आणि अडीच जोडले तर साडेतीन. बाईंनी हे मला कागदावर काढून दाखवलं आणि मी ते कितीतरी वेळ बघत बसले. ही चार मापं एका घरातली आहेत. दीडचे चार चौकोन जोडले की तयार होणारा तुकडा थेट अडीचच्या चौकोनाशेजारी बसतो, अडीचचे चार जोडले की साडेचारच्या शेजारी. म्हणून चिंधी हातात आली की तिच्यातून यातलं जे सगळ्यात मोठं माप निघेल ते काढायचं, उरलेल्यातून त्याखालचं, आणि लांबट उरलं तर पट्टी ठेवायची. पट्टीची रुंदीही याच मापांतली. अडीच इंची पट्ट्या इथल्या दुकानांत जेली रोल नावाने साधारण चाळीसेक पट्ट्यांची गुंडाळी करून विकतात, त्यामुळे घरच्या पट्ट्यांना कधी जोड लागली तर तीही मिळते.

माया काटेकोर लागते. सुतार ज्याला सूत म्हणतात, इंचाचा आठवा भाग, त्याच्याही अर्ध्याने शिवण आत गेली तर एका जोडाला दोन्ही बाजू मिळून एक सूत जातं. २४ चौकोनांच्या ओळीत २३ जोड असतात. म्हणजे ओळ जवळजवळ तीन इंचांनी आखूड होते. माझी पहिली ओळ अशीच झाली आणि शेजारच्या ओळीला ती कशीही ओढली तरी पुरेना. सगळी उसवली.

कापण्याआधी इस्त्री. इथे एक सवय मोडावी लागली. आपण कपड्यावर इस्त्री फिरवतो. चिंधीवर ती ठेवायची आणि उचलायची, ओढायची नाही. कारण चिंधीची कड बहुतेक वेळा उरेब असते. कापडाचा उभा धागा ताणला जात नाही, आडवा थोडा ताणतो, आणि तिरका, म्हणजे उरेब, रबरासारखा लांबतो. वाफेची इस्त्री उरेब कडेवर फिरली की चौकोनाचा पतंग होतो. चिंधीला किनार असेल तर उभा धागा कळतो, किनारीला समांतर तो. किनार नसेल तर दोन्ही हातांत धरून एकदा असं, एकदा तसं ओढून बघायचं. ज्या दिशेला कमी ताणलं जाईल ती उभी. हाताला हे महिनाभरात कळायला लागतं. माझा तर असा अनुभव आहे की डोळ्यांपेक्षा अंगठ्याला लवकर कळतं.

याच कारणासाठी मी त्रिकोण कापून ठेवत नाही. सुरुवातीला हौसेने शंभरेक त्रिकोण कापले होते. डब्यातून काढघाल करताना त्यांची तिरकी बाजू लांबली आणि दोन त्रिकोण काही एकमेकांना जुळेनात. आता साठवायचा तो चौकोन, त्रिकोण करायचा तो शिवायच्या दिवशी.

कापायला रोटरी कटर लागतो, पिझ्झा कापायच्या चाकासारखा, पण पातं ब्लेडइतकं धारदार. ओल्फा या जपानी कंपनीने तो १९७९ मध्ये आणला. बाई सांगतात की त्याआधी त्या पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलीने आखून कात्रीने एकेक तुकडा कापायच्या. खाली जाड मॅट, वर पारदर्शक मोजपट्टी, आणि चाक नेहमी अंगापासून लांब ढकलायचं. हातातून खाली ठेवताना पातं मिटायचं, दर वेळी. लेक आसपास असते म्हणून हे मी फार कडक पाळते.

आता निवडण्याबद्दल. मी सगळ्यात जास्त चुकले ते इथे. मी रंगांप्रमाणे ढीग केले होते: लाल, निळा, हिरवा, पिवळा. दिसायला सुंदर, शिवायला निरुपयोगी. तयार गोधडीत नक्षी दिसते ती रंगामुळे नाही, उजेड-अंधारामुळे. लॉग कॅबिन नावाचा इथला जुना प्रकार आहे: मधे छोटा चौकोन, बहुतेक वेळा लाल, घरातली चूल म्हणून, आणि त्याभोवती पट्ट्या, एका अंगाला फिकट, दुसऱ्या अंगाला गडद. फिकट-गडद नीट असेल तर कुठलेही रंग चालतात, नसेल तर सगळा गोंधळ होतो. म्हणून आता मापाच्या प्रत्येक डब्यात मी दोनच कप्पे केलेत, फिकट आणि गडद. मधल्या छटेचं ठरत नसेल तर तुकडा इतर तुकड्यांत ठेवून मोबाइलवर फोटो काढते आणि तो काळा-पांढरा करते. आपल्या साडीचा झळझळीत राणी रंग आणि गर्द पोपटी, डोळ्याला किती वेगळे! फोटोत दोन्ही एकाच राखाडी रंगाचे निघाले.

आपल्याकडच्या कापडाबद्दल एक गोष्ट जपून सांगते, कारण ती मला महागात पडली. भारतातून आणलेला एक लाल छापील सुती तुकडा मी न धुता पांढऱ्याशेजारी शिवला. पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी ढग उठले. धुण्यात सुटलेला रंग शोषून घेणारे कागद इथे मिळतात, ते घालून तीनदा धुतलं तेव्हा बरंचसं गेलं, सगळं नाही. आता गडद लाल, निळी, काळी, जी शंकास्पद वाटेल ती चिंधी गरम पाण्याच्या वाडग्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून अर्धा तास भिजवते. मग पांढऱ्या कागदावर वाळत घालते. कागद कोरा राहिला तर डब्यात, नाही तर पुन्हा पाणी. मोठा तुकडा असेल तर आधीच धुऊन घ्यावा. छोट्या चिंध्या मशीनमध्ये तशाच टाकल्या तर धाग्यांचं जाळं होऊन बाहेर येतं, त्या जाळीच्या पिशवीत बांधूनच धुवाव्यात.

साठवण्याचं म्हणाल तर ऊन, ओल आणि आम्ल हे तीन शत्रू. इथे घरांना तळघर असतं आणि सामान तिकडे ढकलायची सगळ्यांना सवय असते. माझी पिशवी तिथेच होती. उन्हाळ्यात इथे हवा दमट असते, तळघर त्याहून दमट, आणि प्लास्टिकच्या पिशवीला श्वास नाही. खालच्या थराला बुरशीचा वास आला होता, चारदोन तुकड्यांवर काळे ठिपके पडले होते, ते टाकावे लागले. आता झाकणाचे पारदर्शक डबे वरच्या खोलीत, पण कपाटाच्या आत, उजेडापासून दूर. कापड उघड्या लाकडावर किंवा साध्या पुठ्ठ्यावर वर्षानुवर्षं ठेवलं तर त्यातलं आम्ल उतरतं आणि पिवळट-तपकिरी डाग पडतात, म्हणून खाली धुतलेल्या मलमलीचा तुकडा घालते. पट्ट्यांना रबरबँड लावायचा नाही, तो जुना झाला की वितळून कापडाला चिकटतो. टाचण्या टोचून ठेवायच्या नाहीत, गंज धरतो. डब्यावर चिठ्ठी: माप, बस. बाकी काही लिहिलं की मीच गोंधळते.

दीड इंचाहून लहान जे उरतं त्याला इथे क्रम्ब म्हणतात, आपण चुरा म्हणू. तो वेगळ्या टोपलीत जातो, आणि माझा जीव सगळ्यात जास्त त्या टोपलीत आहे. तिथे माप नाही. दोन चुरे घ्यायचे, एक सरळ कड जुळवायची, शिवायचं, उलगडायचं, तिसरा लावायचा. मनासारखा मोठा झाला की मग त्यातून साडेचारचा चौकोन कापायचा. गोधडी घालताना आई करायची त्याच्या फार जवळचं हे काम आहे.

अमेरिकेतही मोजपट्टीशिवायची मोठी परंपरा आहे हे मला उशिरा कळलं. अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतातल्या कामाच्या विरलेल्या कपड्यांतून, गुडघ्यावर फिक्या पडलेल्या डेनिममधून क्विल्ट केले, ते थंडी काढण्यासाठी. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. चित्रं पाहताना मी एका पट्टीवर अडकले. पँटचा खिसा उसवून काढला होता आणि त्याखालचं कापड ऊन न लागल्याने गर्द निळं राहिलं होतं. तो गर्द चौकोन त्यांनी तसाच दिसू दिला होता.

त्यानंतरच्या गुरुवारी बाईंनी मला एक तुकडा दिला, त्यांच्या आईच्या डब्यातला. बारीक फुलांचं कापड, आणि एका कडेला ओळीने भोकं. ती धान्याच्या पोत्याच्या शिवणीची भोकं आहेत. १९३० आणि ४० च्या दशकांत इथे पीठ आणि पशुखाद्य छापील सुती पोत्यांतून यायचं, आणि बायका पोतं रिकामं झालं की दोरा ओढून काढून त्याचे फ्रॉक शिवायच्या, फ्रॉकच्या उरलेल्याचे क्विल्ट. भोकांची कड सोडून मी अडीचचे तीन चौकोन काढू शकले असते. मी दोनच काढले, आणि एकात भोकं राहू दिली.

सध्या मांडीवर घ्यायची एक गोधडी चालू आहे, ४८ बाय ६० इंच. कापताना अडीच, शिवल्यावर दोन इंच दिसणाऱ्या चौकोनांनी मोजलं तर २४ गुणिले ३०, म्हणजे ७२० चौकोन. आतापर्यंत ४३० कापून झालेत. फिकट भरपूर आहेत, गडद कमी पडताहेत. काल आईला फोनवर सांगितलं की तुझं ते जुनं गर्द हिरवं सुती लुगडं कुणाला देऊ नकोस. ती म्हणाली, "चौकोन कापूनच पाठवते की, वजन कमी होईल."

म्हटलं, नको गं, अख्खं पाठव. किनारीसकट. उभा धागा मला इथे बघायचाय.