फ्रेम आखडली की आतल्या विंडोंचं काय होतं

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या शब्दांचा घोळ आधी सांगतो. आपण कोपरा धरून ओढतो ती अख्खी खिडकी म्हणजे ईमॅक्सच्या भाषेत फ्रेम, आणि तिच्या आत जे कप्पे पाडतो त्या विंडो.

माझ्या फ्रेममध्ये एकाखाली एक तीन विंडो असतात, वर कोड, मध्ये टेस्ट, खाली कमांड द्यायचं शेल. मोठ्या मॉनिटरवर छान मावतं, पण त्याची केबल काढली की टायलिंग विंडो मॅनेजर (स्क्रीनवरची जागा प्रोग्रॅमांना वाटून देणारा प्रोग्रॅम) देईल तेवढ्याच जागेत बसावं लागतं आणि शेल पार चेपून जातं, चार ओळी उरतात त्यातली एक मोडलाइनच, म्हणजे विंडोच्या तळाची माहितीची पट्टीच, खाते. म्हणून मी विंडो-मिन-हाइट, म्हणजे विंडोची कमीत कमी उंची ठरवणारं सेटिंग, 15 ओळी करून टाकलं होतं. डीफॉल्ट 4 असतं, रुंदीचं 10 कॉलम.

उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही ते कळायला मला ईमॅक्सच्या 24 व्या आवृत्तीचा सोर्स कोड उघडावा लागला. हिशोब साधा आहे, तीन विंडो गुणिले 15 म्हणजे 45 ओळी, आणि लॅपटॉपवर माझी फ्रेमच 38 ओळींची. मग ईमॅक्स काय करतो, तर आधी तुमचा आकडा पाळून सगळं बसतंय का बघतो, नाही बसलं तर तो आकडा सोडून देतो आणि मोडलाइन वगैरे धरून कामापुरती जागा देतो, तरीही नाही जमलं तर अगदी तळाचा आकडा, 1 ओळ आणि 2 कॉलम, याच्या खाली गेलं तर ईमॅक्स क्रॅश होऊ शकतो असं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. आणि तेही जमलं नाही की तुम्ही ज्या विंडोत आहात ती ठेवून बाकी सगळ्या बंद. फ्रेम परत मोठी केली म्हणून बंद झालेल्या विंडो परत येत नाहीत.

म्हणजे माझा 15 चा नियम नेमका गरजेच्या वेळी बाजूला पडत होता. आणि एरवी आडवा यायचा, 25 ओळींची विंडो दोन भागात करायला गेलं की लहान आहे म्हणून एरर, कारण दोघींना मिळून 30 लागतात ना.

हा क्रम मला पटतो. आपला आकडा ही आवड आहे, स्क्रीनवर जागा किती आहे ते आपण ठरवत नाही. फक्त शेवटची पायरी, विंडो बंद करायची, ती फार जिव्हारी लागते.

आता मी 4 वर परत आलोय. केबल काढायच्या आधी कंट्रोल-एक्स आर डब्ल्यू ए दाबून मांडणी रजिस्टरमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, ठेवतो, परत आल्यावर कंट्रोल-एक्स आर जे ए. साइडबारची रुंदी हलू नये असं वाटत असेल तर त्या बफरपुरतं, म्हणजे त्या विंडोत दिसणाऱ्या मजकुरापुरतं, विंडो-साइज-फिक्स्ड हे सेटिंग लावा, सगळीकडचा आकडा वाढवू नका. पॅकेज लिहिणाऱ्यांनी तर विंडो-मिन-हाइट आपल्या कोडमध्ये तात्पुरतंही बदलू नये, छोटी विंडो हवी असेल तर विंडो-रिसाइझ या फंक्शनला इग्नोर हे आर्ग्युमेंट द्यावं.

फ्रेमलाही स्वतःचं मिन-हाइट पॅरामीटर असतं, पण ते उलट्या कामाचं आहे, त्याने फ्रेम आतल्या विंडोंना लागते त्याहून लहान करता येते आणि जे मावत नाही ते कापलं जातं. छोट्या पॉपअपसारख्या फ्रेमला ठीक आहे, कोडच्या फ्रेमला मी ते लावणार नाही.