सर्किटमधली ओल

बिघडलेल्या गाडीच्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं की आधी बघायचे कॅपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचे, माथे. त्या ॲल्युमिनियमच्या डब्यांवर मुद्दाम रेघा कोरलेल्या असतात. आत गॅस साठला तर माथा तिथेच फुगावा, फाटलाच तर तिथेच फाटावा. सगळे सपाट आणि एकच वर आलेला दिसला की निम्मं काम झालं.

मला कौतुक वाटतं ते या कॅपॅसिटरच्या ओलेपणाचं. रेझिस्टर, मॉस्फेट, तांब्याची वेटोळी, सगळं कसं खडखडीत कोरडं. ओल एवढ्या एकातच. ॲल्युमिनियमचा वर्ख आणि द्रवात भिजवलेला कागद यांची गुंडाळी. बेसचा ठोका पडला की ॲम्प्लिफायर एकदम करंट मागतो, आणि बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या लांब वायरीतून तो तेवढ्या झटक्यात पोचत नाही. तेव्हा गच्चीवरच्या टाकीसारखा हा धावून येतो. पण द्रव सुकला की आतला रोध वाढतो, रोधामुळे तो स्वतःच तापतो, आणि तापला की आणखी सुकतो.

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, 105 अंशांना 2000 तासांचं आयुष्य लिहिलेलं असतं. म्हणजे तीन महिनेही नाहीत! पण तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. 65 अंशांना तेच 32,000 तास. आता विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी आठवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणी 85 अंशांचा स्वस्त माल पुढे केला तर मी सरळ नाही म्हणतो. मायक्रोफॅरड, म्हणजे साठवणीचं माप, तेवढेच घ्यावेत, व्होल्ट मात्र 16 च्या जागी 25, डबा जागेत मावत असेल तर. इंजिन चालू असताना लाइनवर 14 च्या वर व्होल्ट असतात. 16 म्हणजे अगदीच काठावरचा हिशोब.

गळलेल्या द्रवाला कधीकधी चक्क मासळीचा वास येतो. तो पुसायलाच हवा, तांब्याच्या रेषा खातो. आणि शेजारचे कॅपॅसिटरही बदलावेत. मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसले तरी आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर वेगळंच सांगतो. तेही त्याच उष्णतेत राहिलेले.

यात पैसे फारसे जात नाहीत. जुना कॅपॅसिटर काढताना जीव खातो तो त्याचा ऋण पाय. तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेला असतो. सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पट्टाच पिऊन टाकतो, आणि डाख काही वितळत नाही.